पल्लवी, धूर अजून निघतोच आहे

पल्लवी,

परवा तुझी तेरवी झाली आणि आज मी अकोल्याला जाऊन आपली ती परीक्षा देऊन आले. घरी आल्यावर पेपरबद्दल कोणाशी बोलावं हेच कळेना. वलगावच्या या घरात बिझनेस इंग्लिश म्हणजे काय हे कळणारं माणूस माझ्याशिवाय तूच होतीस. म्हणून तुलाच सांगायला बसले.

आधीच सांगून ठेवते, हे रडगाणं नाही. तेरवीला लोक तुझ्याबद्दल इतकं गोड बोलले की ऐकून ऐकून माझे कान किटले. लक्ष्मी काय, गुणाची काय, हसरी काय. मी त्यात एक शब्द घातला नाही. मी तुझी जेठाणी, तू माझी देराणी, एका घरातल्या थोरली-धाकटी जावा, आणि मी तुझ्यावर जळत होते. हे तुला माहीत होतं, घराला माहीत होतं, आपल्या कारखान्यातल्या पॅकिंगच्या बायांना माहीत होतं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. जळू नये असं काही कोणी म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

तू लग्न होऊन आलीस तेव्हाच खरं तर मला कळायला हवं होतं. तेल्हाऱ्याची पोरगी, माझ्यासारखीच मराठी शाळेत शिकलेली, रंगानं माझ्याहून सावळी. म्हटलं, चला, बरोबरीची मिळाली. पण पहिल्याच आठवड्यात सासूबाई तुला शेवंतीचे वाफे दाखवायला मळ्यात घेऊन गेल्या आणि दोघी परत आलात त्या हसत हसत. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं हसून. मी या घरात तुझ्या कितीतरी आधी आले. मी त्यांना कधी हसवलं नव्हतं. सासूला हसवायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं, मी आपली भाकरी पातळ थापत बसले होते.

मग कारखान्यात मीच तुला चिकटवलं. मी पॅकिंगला, तू चेकिंगला. बाहेरदेशी जाणारे कपडे आपण घड्या घालून, डागबिग बघून खोक्यात भरायचो, आणि त्या खोक्यांबद्दल बाहेरदेशी इंग्रजीत बोलणारी एक बाई ऑफिसात पंख्याखाली बसायची. ती लग्न करून नाशिकला गेली आणि तिची खुर्ची रिकामी झाली. साहेब म्हणाले, बाहेरचं माणूस आणण्यापेक्षा आपल्यातलीच कोणी घेऊ, पण बिझनेस इंग्लिशची परीक्षा पास झालेली पाहिजे. एकीहून जास्त जणी पास झाल्या तर जिला जास्त मार्क तिला खुर्ची. शंभराच्या वर बाया असतील तिथं. हात वर झाले फक्त दोन, आणि दोन्ही एकाच घरातले.

मला ती खुर्ची खरोखर बसायला हवी होती गं. उभ्यानं पॅकिंग करून करून माझ्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा उठल्या आहेत, संध्याकाळी पाय भिंतीला लावून पडावं लागतं. तुला ती खुर्ची कशाला हवी होती? मी विचारलं होतं तुला, ऑटोत बसल्या बसल्या. तू म्हणालीस, "ताई, तठी बसलं का पार लंडनच्या माणसाले म्हनता येते, भाऊ, तुहा माल निघाला. मजा नाई काय?" मजा! मी शिरांसाठी आणि तू मजेसाठी. त्या दिवशी राजकमल चौकापर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही.

रविवारी क्लास आणि रोज संध्याकाळी अभ्यास, असं ठरलं. पण संध्याकाळी घरात हार असतात. सकाळच्या बाजाराला हार गेले पाहिजेत, ते काही बिझनेस इंग्लिशसाठी थांबत नाहीत. तेव्हा तूच तोड काढलीस, की एकीनं वाचायचं आणि एकीनं ओवायचं. ओट्यावर झेंडूचा ढीग, सासूबाई देठं खुडताहेत, आणि मध्ये सरांनी दिलेल्या झेरॉक्सचा गठ्ठा. जी वाचताना अडकेल तिनं सुई हातात घ्यायची. त्यामुळे वाचायचीस तू आणि ओवायची मी. त्या महिन्यात माझे हार गावात सगळ्यांत सुबक झाले असतील.

पहिला उतारा लीड्स नावाच्या गावच्या कोण्या हॅरिसनचा होता. त्यानं गालिचे मागवले होते आणि ते उशिरा पोचले होते. मी माझ्या पद्धतीनं निघाले. पहिलं वाक्य वाचलं, अडलेल्या शब्दाखाली रेघ मारली, डिक्शनरीत बघितलं, समासात अर्थ लिहिला, मग दुसरं वाक्य. तिसऱ्या वाक्याला पोचेपर्यंत पहिलं काय होतं ते विसरले. तू कागद ओढून घेतलास, अख्खा उतारा एका दमात मोठ्यानं वाचलास, कळो न कळो, आणि मग सासूबाईंकडे वळलीस.

"आई, हॅरिसन भाऊजीनं गालिचे बोलावले. त्याईच्या नव्या दुकानाचं उद्घाटन व्हतं. माल आला उद्घाटन झाल्यावर, अन् रंग बी भलताच. आता भाऊजी म्हनून राहिले, वापस नाई करत, पन भाव कमी करा."

"बरोबर हाय त्याचं," सासूबाई देठ खुडता खुडता म्हणाल्या. "फुलं बी बाजार उठल्यावर आली तं कोन पुरा भाव देते?"

आणि खाली प्रश्न तोच होता. हॅरिसनला काय हवं आहे? चार पर्यायांतला तिसरा, माल ठेवून किंमत कमी करणं. तुम्ही दोघी सासू-सुनांनी इंग्रजी उतारा सोडवला आणि मी समासातल्या अर्थांकडे बघत बसले. तेव्हा तू पहिल्यांदा ते म्हणालीस. माझ्याकडे बघून नाक वर करून वास घेतलास आणि म्हणालीस, "आई, चुलीवर काई ठेवलं हाय काय? धूर निघून राहिला." मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसलीस. मला राग आला, मग हसू आलं, मग हसू आल्याचा राग आला.

त्यानंतर सगळ्या परीक्षेलाच तू नात्यात बांधून टाकलंस. खरेदी विभागाची मिसेस पार्कर म्हणजे पार्कर मामी, ती नेहमी घासाघीस करायची. विमा कंपनीचा तो गुळमुळीत उत्तरं देणारा माणूस म्हणजे मोठे जवाई. मीटिंग पुढं ढकलणारा मॅनेजर म्हणजे आपले मामंजी, त्यांचंही सगळं उद्यावरच असायचं. ज्याचं नातं ठरलं त्याचं काय चाललंय ते तुला कळायचंच. मला नाही कळायचं असं नाही, पण मला शब्दांतून जावं लागायचं आणि तू माणसांतून जायचीस. तुझा रस्ता जवळचा होता.

शब्द मात्र माझे होते, हे तू मान्य करायचीस. इन्व्हॉइस 'रेझ' करतात, डेडलाइन 'मीट' करतात, तारीख उलटलेलं बिल ओव्हरड्यू असतं. हे मी पोळ्या लाटताना पाठ करायची. रिकाम्या जागा भरायच्या प्रश्नात क्लासमध्ये माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. तू मला विचारायचीस, मी सांगायची, आणि सांगताना माझ्या आवाजात जरा साखर यायची. मग एका रविवारी सराव परीक्षेत तुला शब्दांच्या भागातही माझ्याएवढेच मार्क पडले. "तुमीच तं शिकवलं, ताई," तू म्हणालीस. खरंच म्हणालीस, खोचक नाही. खोचक म्हणाली असतीस तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

भांडलो आपण एकदाच, आणि ते भांडण अजून संपलेलं नाही. मिसेस व्हिटफिल्डचं पत्र. आठवतं ना? तिच्या हाताखालची जेन नावाची पोरगी दुसऱ्या कंपनीत जायला निघाली आहे आणि त्या कंपनीला ही बाई तिच्याबद्दल लिहिते. जेन चटकन शिकते, सगळ्यांना आवडते, गिऱ्हाइकं तिलाच मागतात, तिची जागा भरणं कठीण जाईल. खाली प्रश्न, पत्र लिहिणाऱ्या बाईचा जेनबद्दलचा भाव कोणता? पर्याय असे की तिला जेनबद्दल आपुलकी आहे, ती निराश आहे, ती जळते आहे, किंवा तिला काही वाटत नाही.

मी डोळे मिटून सांगितलं, जळते आहे.

तू सुईच खाली ठेवलीस. "काहून? कुठी लिवलं हाय?"

"लिवाले कायले लागते? सगळ्याईले आवडते म्हनून लिवलं हाय ना. जिले जळवाटा नसते ते असं मोजून मोजून लिवत नाई."

"ते तारीफ करून राहिली, ताई. तिले दुसरीकडं जागा मिळावं म्हनून करून राहिली."

"तारीफ तं तोंडानं. आतून काय होऊन राहिलं ते मले ईचार."

सासूबाईंनी मान वर केली. "त्या दोघी एका घरातल्या हायेत काय?"

"नाई व आई, हापिसातल्या हायेत," तू म्हणालीस.

"मंग जळीन कायले?"

तू हसून हसून झेंडूच्या ढिगात आडवी झालीस. मी मात्र हसले नाही. मी सांगितलं, रविवारी सरांना विचारू. या प्रश्नसंचाची उत्तरं सरांकडेही छापील नव्हती, ते स्वतः सोडवून सांगणार होते. तोवर आपण दोघीही आपापल्या उत्तरावर अडून बसलो. तू जाता येता स्वयंपाकघरात डोकं घालून "आपुलकी" म्हणायचीस आणि मी कढईवरून नजर न काढता "जळवाटा" म्हणायची. तुझ्या नवऱ्याला, गजूभाऊजींना, वाटलं आपल्या दोघींची डोकी फिरली. पोरगा, म्हणजे माझा सोहम, तर शाळेत जाऊन सांगून आला की आमच्या घरी आई आणि काकू मंत्र म्हणतात.

तो रविवार आला तेव्हा तू दवाखान्यात होतीस. शुक्रवारी अंगात ताप होता, तू म्हणालीस फुलांच्या मळ्यातले मच्छर चावले असतील, आणि तसंच निघालं, डेंग्यू. सगळे म्हणालो होतो की डेंग्यू तर घरोघरी होतो. तूच मला क्लासला पाठवलंस. म्हणालीस, "जा, अन् व्हिटफिल्ड बाईचं उत्तर घेऊन या."

सरांनी उत्तर सांगितलं. आपुलकी. मी हात वर करून भांडले त्यांच्याशी. ते म्हणाले, ताई, मजकुरात जे आहे तेवढंच बघायचं, आपल्या मनातलं त्यात घालायचं नाही. सगळा क्लास हसला. मी तिथून सरळ दवाखान्यात आले आणि येताना ऑटोत ठरवलं की तू बरी होईपर्यंत तुला सांगायचं नाही. आजारी माणसाला एवढा आनंद कशाला द्यायचा.

तुझ्या हाताला सलाईन होतं. ओठ सुकले होते. तू डोळे उघडलेस आणि पहिलं विचारलंस, "काय सांगतलं सरनं?"

"घरी ये मंग सांगतो," मी म्हणाले.

तू माझ्या तोंडाकडे थोडा वेळ बघितलंस. "म्हंजे माह्यंच बरोबर हाय," तू म्हणालीस आणि डोळे मिटून घेतलेस, तोंडावर ते हसू ठेवून. एवढंसुद्धा तू मला लपवू दिलं नाहीस. ते आपलं शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी तुला आत आयसीयूत हलवलं आणि मग आम्हाला काचेतूनच दिसत राहिलीस.

पण एक सांगते, तुझं बरोबर नाही. सर काहीही म्हणोत. ती बाई जळत होती. आपुलकी होती, नाही म्हणत नाही, पण जळतही होती. दोन्ही एका बाईत मावतं. सरांना काय कळतं? सरांना देराणी नाही.

तुझ्या तेरवीला क्लासच्या पोरी आल्या होत्या. त्यात बडनेऱ्याची छाया होती, मागच्या बाकावर बसते ती. ती माझा हात धरून रडायला लागली. म्हणाली, "पल्लवीताईनं मले फोनवर शिकवलं हो. बुधवारी बुधवारी. पार्कर मामी, हॅरिसन भाऊजी, सारं तिनंच सांगतलं. तिच्यामुळंच मले उतारे कळायले लागले."

मी हात सोडवून घेतला. लोकांना वाटलं मला रडू आवरेना. मला काय झालं होतं ते मलाच माहीत. पार्कर मामी आपल्या होत्या, पल्लवी. आपल्या ओट्यावरच्या, झेंडूच्या ढिगातल्या, सासूबाईंनी हुंकार भरलेल्या. तू त्या फोनवरून बडनेऱ्याला पाठवत होतीस आणि मला बोलली नाहीस. तू कोणाला शिकवलंस याचं मला वाईट नाही. मला वाटत होतं की तुझ्यावर जळायचा हक्क माझा एकटीचा आहे, म्हणजे तू माझी एकटीची आहेस. छायाकडं बघून मला कळलं की तसं काही नव्हतं. तुझ्या चितेसमोर मी इतकी कोसळले नव्हते जितकी त्या पोरीच्या 'बुधवारी बुधवारी'नं कोसळले.

आणि सासूबाई. तू गेलीस त्या दिवसापासून त्या देठं खुडत नाहीत. फुलं समोर ठेवली की उठून जातात. मी गेले तर त्या अशा बसून राहतील का, हा विचार माझ्या मनात आला. आला म्हणजे आला, कोणापासून लपवू? उत्तर मला मिळालं नाही आणि ते विचारायची सोय नाही.

तेरवीच्या पंगतीत एक म्हातारी दुसरीला म्हणत होती. मी वरण वाढत होते, माझ्या पाठीमागंच बोलल्या. "दोघी एकाच खुर्चीवर टपल्या व्हत्या म्हने. आता मोठीचा रस्ता साफ झाला." मी वरणाची बादली खाली ठेवली नाही. पुढच्या पानावर वाढलं, त्याच्या पुढच्या पानावर वाढलं. शेवटपर्यंत वाढलं आणि मग मागच्या दारी जाऊन न्हाणीघरात कडी लावून उभी राहिले.

मी परीक्षेला जाणार नाही असं तिथं ठरवलं. हेही म्हणाले, "राहू दे यंदा. लोकं काय म्हनतीन, तेरवीचा मांडव निघाला नाई अन् हे निघाली खुर्चीवर बसाले." त्यांचं चूक नव्हतं. पण मला लोकांची एवढी भीती नव्हती. मला भीती वेगळी होती. मी नापास झाले तर सगळे म्हणतील पल्लवी असती तर झाली असती. मी पास झाले तरी तेच म्हणतील. तू पेपर दिलाच नाहीस, त्यामुळे तू कायमची पास. तुझे मार्क आता कमी होणार नाहीत, तुझा एकही उतारा चुकणार नाही. अशा बाईशी कोणी स्पर्धा कशी करायची? जिवंत होतीस तेव्हा निदान आशा तरी होती.

आज सकाळी मी चहा टाकत होते. गजूभाऊजी अंगणात गाडी पुसत होते. तू गेल्यापासून त्यांनी गाडीला हात लावला नव्हता. मला म्हणाले, "वहिनी, चला. गाडी चुकन बडनेऱ्याची."

मी म्हणाले, "भाऊजी, मी नाई जाऊन राहिली."

ते फडकं पिळत राहिले. "तिची तयारी वाया गेली ते गेली. घरातल्या दोघींची कायले घालवता?" एवढंच बोलले. मग सासूबाई आतून आल्या आणि त्यांनी माझ्या हातातली चहाची गाळणी काढून घेतली. मी साडी बदलली. भाऊजींनी बडनेऱ्यापर्यंत सोडलं आणि स्टेशनवर तिकीट हातात देऊन ते उलट्या पावली फिरले, कारण तिथं उभं राहून कोणाला तरी हात हलवणं त्यांना जमणारं नव्हतं.

अकोल्याचं परीक्षेचं ठिकाण म्हणजे एक जुनं कॉलेज आहे. आपण फॉर्म एकाच दिवशी, एकामागं एक भरले होते. त्यामुळे नंबरही एकामागं एक आले. तुझा पुढचा बाक, माझा मागचा. बाकावर तुझा नंबर खडूनं लिहिलेला होता. दोन तास मी तुझ्या रिकाम्या जागेच्या पाठीमागं बसून पेपर लिहिला. इथंही पुढं तूच.

सुपरवायझर बाई सह्या घेत आल्या. तुझ्या बाकाशी थांबल्या. "ही कोण? उशिरा येणार आहे का?"

"नाही येणार," मी म्हणाले.

"फॉर्म भरतात आणि येत नाहीत," त्या पुटपुटल्या आणि तुझ्या नंबरासमोर लाल पेनानं गैरहजर लिहिलं. माझं डोकं फिरलं. उठून सांगावंसं वाटलं, बाई, ही कंटाळा करून राहिलेली नाही, ही आली असती तर तुमच्या या हॉलमधल्या सगळ्यांच्या आधी पेपर देऊन बाहेर बडीशेप खात उभी राहिली असती. पण आपल्याच पेपरचा वेळ चालला होता. मी पहिला उतारा उघडला.

सोपा नव्हता. एका कंपनीचं गोदाम दुसऱ्या गावी हलवायचं होतं आणि त्यावर चार जणांची चार मतं. मी पहिलं वाक्य वाचून रेघ मारायला पेन्सिल उचलली आणि ठेवून दिली. अख्खा उतारा एका दमात ओठ हलवत वाचून काढला. मग त्या चौघांत थोरला कोण, धाकटा कोण, कोणाला घर सोडवत नाही, कोणाची बायको पाठीमागून बोलते आहे, हे लावत गेले. लागलं सगळं. तुझ्या पद्धतीनं लागलं याचा मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं आणि पेपरावर पडू नये म्हणून मी मान मागं करून छताकडे बघत बसले. शब्दांचा भाग मी माझ्या पद्धतीनं केला. त्यात एकही चुकला नसावा.

बाहेर आले तर फाटकाशी तुझी आई उभी. तेल्हाऱ्याहून एसटीनं एकट्या आल्या होत्या. तेरवीत त्यांच्याशी धड बोलणंही झालं नव्हतं. पदर डोक्यावरून घेतलेला, हातात छोटी पिशवी, येणाऱ्या प्रत्येक पोरीच्या तोंडाकडे बघत होत्या. मला वाटलं, चुकून आल्या असतील, लेकीचा पेपर म्हणून तारीख डोक्यात राहिली असेल आणि पायच इकडं वळले असतील. मी जवळ गेले, वाकून पाया पडले.

"मावशी, तुमी अठी कशा?"

"तुलेच भेटाले आली," त्या म्हणाल्या.

आम्ही फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली बसलो. त्यांनी मला पेपर कसा गेला ते विचारलं नाही. थोडा वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "एक ईचारू काय व? खरं सांगशीन?"

"सांगतो."

"माही पल्लवी पास झाली असती काय?"

मी म्हणाले, "मावशी, तेरवीत तं सारेच म्हनत होते..."

"सारे म्हनतेच. मेलेल्याले कोन नापास करते?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू जळे तिच्यावर. ते मले फोनवर सांगे, हसे अन् सांगे. म्हने, आई, माही जेठानी माह्यावर लय जळते. म्हनून तुले ईचाराले आली. तू उगंच चांगलं नाई बोलनार."

तेल्हाऱ्याहून ती बाई एवढ्यासाठी एसटीत बसून आली होती. जगात इतकी माणसं तुझ्यावर माया करत होती आणि तिला त्यातल्या कोणाचा भरवसा नव्हता. माझा होता.

मी खोटं बोलू शकले असते. "सांगता येत नाई, मावशी, पेपर अवघड व्हता," असं म्हणाले असते तर तेही खपलं असतं. माझ्या तोंडावर ते आलंही होतं. तू सराव परीक्षेत माझ्या पुढं असायचीस हे घरात फक्त आपल्या दोघींना माहीत होतं, आणि आता मला एकटीला.

"पास झाली असती," मी म्हणाले. "अन् माह्यापक्षा जास्त मार्क घेतले असते. खुर्ची तिलेच भेटली असती, मावशी."

त्यांनी मान हलवली, हळू, दोनदा. रडल्या नाहीत. "मंग झालं," म्हणाल्या. पिशवी उचलली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि तेल्हाऱ्याची गाडी किती वाजता आहे ते विचारत स्टँडच्या दिशेनं चालायला लागल्या.

आता निकाल लागेल. मी पास होईन, पेपर चांगला गेला आहे. ती खुर्ची मला मिळेल, मी पंख्याखाली बसेन, माझ्या पायांना आराम पडेल, आणि लंडनच्या माणसाला मी कळवीन की माल निघाला. पण गुणपत्रिकेत काहीही आकडा येवो, मी दुसरी आले आहे. हे मला सरांनी सांगितलं नाही की साहेबांनी सांगितलं नाही. मीच माझ्या तोंडानं तुझ्या आईला सांगून आले.